आखाजीपर्यंतची वॉरंटी

गाडीची वॉरंटी आज संध्याकाळी संपते आहे, हे मला सकाळी साडेनऊ वाजता समजलं. मी शोधत होते पीयूसीचा कागद. गाडीच्या समोरच्या कप्प्यातून आधी चिक्कीचं रिकामं पाकीट निघालं, मग पप्पांचा हरवलेला चष्मा, आणि सगळ्यात खाली कंपनीची जाड पुस्तिका. ती आमच्या घरात आजवर कोणी उघडली नव्हती. पहिल्याच पानावर गाडी ताब्यात घेतल्याची तारीख होती. मी ती वाचली, मोबाइलवर आजची तारीख बघितली आणि पुन्हा ती वाचली. दोन वर्षं आज पूर्ण होत होती.

पप्पा ओट्यावर उभे राहून केळीच्या ट्रकची वाट बघत होते. केळी कापायच्या दिवशी ते घरी असून नसतात. मी पुस्तिका घेऊन त्यांच्यासमोर गेले.

"पप्पा, गाडीची वॉरंटी आज संपते."

"आज कशी संपीन? आखाजीले संपीन." ते रस्त्याकडेच बघत होते.

"आखाजीला अजून नऊ दिवस आहेत."

"मंग तेच सांगतो ना मी. आखाजीले घेतली, आखाजीले दोन वर्षं होतीन. नऊ दिवस हायेत अजून."

ही चूक पप्पांची एकट्याची नव्हती. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि शेतीचं वर्ष आखाजीपासून धरतात. सालदार आखाजीला कामावर राहतो, पुढच्या आखाजीला त्याचं साल भरतं. गाडीसुद्धा पप्पांनी मुद्दाम आखाजीच्या मुहूर्तावर आणली होती. त्यामुळे त्यांच्या डोक्यात गाडीचं सालही सालदारासारखंच चाललं होतं. पण आखाजी तिथीवर असते. त्या वर्षी ती लवकर आली होती, या वर्षी उशिरा. कंपनीला तिथी ठाऊक नव्हती.

"कंपनीनं मेसेज पाठवले असतील," मी म्हणाले.

"येतात बरेच. कर्ज घ्या, प्लॉट घ्या. मी सगळे पुसून टाकतो."

मग ते माझ्याकडे वळले आणि मला नको होतं तेच बोलले. "नसीन होत तर राहू दे. काढून टाकू गाडी. वॉरंटी नाही त्या गाडीले मी हात लावत नाही."

हे ते रागानं बोलले नव्हते, म्हणूनच मला भीती वाटली. त्यांच्या एका मित्राच्या गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटी संपल्यावर महिन्याभरात गेला होता. तेव्हापासून पप्पांनी ठरवूनच टाकलं होतं की वॉरंटी असेपर्यंत गाडी, नंतर मोटरसायकल. आणि त्यांनी ठरवलेलं आमच्याकडे होतंच.

पण ती गाडी गेलं वर्षभर खरं तर मीच चालवत होते. जामनेरला माती-पाणी तपासायच्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी नोकरी करते. आधी रोज आमच्या असोद्याहून जळगाव आणि जळगावहून जामनेर अशा दोन बस घ्यायचे. बसमध्ये कोणी ना कोणी ओळखीचं निघायचंच. कुणाची गं तू, इंग्रजी शाळेतली ना, किती पगार देतात, लग्नाचं कुठपर्यंत आलं. मी हसून खिडकीबाहेर बघायचे, आणि घरी पोचेपर्यंत मला शिष्ट म्हटल्याचं आईच्या कानावर गेलेलं असायचं. गाडीत तसं काही नव्हतं. जाता-येता दोन तास मी कोणाला काही सांगणं लागत नव्हते. गाडी चालवायला लागल्यावर मला कळलं की मला बोलायचा कंटाळा नाही, मला उत्तरं द्यायचा कंटाळा आहे. कधी कधी मी गाडीत एकटीच मोठमोठ्यानं बोलायचे.

म्हणून मी फोन लावला. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही व्हॉट्सअॅपवर विचारणारी मी, एका अनोळखी वर्कशॉपला सरळ फोन लावला. आमच्या कंपनीचं जळगावचं शोरूम वर्षापूर्वी बंद झालं होतं, त्यामुळे फोन धुळ्याला.

"वॉरंटी वाढवून घ्यायची आहे. ऑनलाइन होईल का?" मी विचारलं.

"शेवटच्या तीस दिवसांत ऑनलाइन बंद होतं, मॅडम."

"मग उद्या गाडी घेऊन येऊ?"

"उद्या सिस्टीम एक्सपायर दाखवेल. एकदा एक्सपायर झाली की परत कधीच मिळत नाही. आज सहाच्या आत गाडी समोर पाहिजे. आणि किलोमीटर चाळीस हजारच्या आत पाहिजेत. दोन वर्षं किंवा चाळीस हजार, जे आधी होईल ते. किती झालेत?"

मी धावत जाऊन किल्ली फिरवली. एकोणचाळीस हजार आठशे एकोणनव्वद.

मोबाइलमधला नकाशा सांगत होता, असोद्यापासून त्या वर्कशॉपपर्यंत नव्व्याण्णव किलोमीटर. म्हणजे पोचल्यावर बारा किलोमीटर शिल्लक राहणार होते. मला एकदम हसू आलं. नोकरीला जाऊन जाऊन चाळीस हजार मीच जवळ आणून ठेवले होते.

पप्पांना येणं शक्य नव्हतं, कारण ट्रक कोपऱ्यावर आलाच होता. आई लग्नाला भुसावळला. मी जामनेरच्या पलीकडे कधी एकटी गेले नव्हते, आणि महामार्गावर तर नाहीच.

"मी जाऊ?" मी विचारलं.

पप्पांनी ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अक्काले घेऊन जा. तिलेही घरी सोडून ये."

अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण, माझी आत्या. सगळे अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती धुळ्याच्या पुढे सोनगीरला गेली आणि तिकडची बोली तिच्या तोंडात बसली. जळगावला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आठवडाभर आमच्याकडे राहिली होती. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात पिशवी, अशी ती ओट्यावर आली. मी काय भानगड आहे ते तिला सांगितलं.

"म्हंजे शंभर कोस जावानं, आनि गाडीले श्वास मोजून घेवाना," ती म्हणाली. "चल माय. मनं काय, मला काई दिसत नही. तू हाक, मी बोलस."

साडेअकराला आम्ही निघालो.

एप्रिलचं ऊन होतं, रस्ता डोळ्यांना पांढरा दिसत होता. जळगाव शहर सुटलं आणि मोकळा चौपदरी रस्ता समोर आला, तेव्हा मी पहिल्यांदा गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली. जामनेरच्या रस्त्यावर पाचवा गिअर फारसा लागत नाही. गाडी हलकी झाली. मला वाटलं, अरे, ही तर इतके दिवस माझ्याबरोबर नुसती चालत होती, आज पळतेय.

"कितला व्हयना?" अक्कानं विचारलं.

"नऊशे दहा."

"आते नऊशे कुठून उना? चाळीस हजार म्हने ना तू?"

"एकोणचाळीस हजार नऊशे दहा, अक्का. नव्वद राहिले."

"मंग नव्वदच सांग. उगा मोठा आकडा सांगी राहिनी."

त्यानंतर दर पाच मिनिटांनी ती विचारायची आणि मी राहिलेला आकडा सांगायचे. एरंडोलजवळ ती म्हणाली की चहा घेऊ, तिचा ओळखीचा टपरीवाला गावात आहे. मी म्हणाले, गावात शिरून परत यायला दोन किलोमीटर जातील. "चहाले बी किलोमीटर लागस आते!" ती पुटपुटली, पण हट्ट धरला नाही. पारोळ्याला ती स्वतःच म्हणाली, "गावात जावानं नही, मला माहीत शे." मग पिशवीतून दोन शेव-चिवड्याच्या पुड्या काढल्या, एक माझ्या मांडीवर ठेवली आणि मी गाडी चालवताना खाऊ शकत नाही हे तिला पटलं नाही म्हणून मला भरवायला लागली. काळ्या चष्म्यामुळे पहिला घास माझ्या कानाला लागला.

कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक समोर बराच वेळ रस्ता अडवून होता. त्याला ओलांडायची माझी हिंमत होत नव्हती.

"काय चालू शे? हळू काबर झाली?"

"पुढे ट्रक आहे."

"मंग वाजाड ना भोंगा! गाडी तुनी शे ना, का त्याचा बापनी?"

मी हॉर्न दाबला. इतका वेळ दाबला की मलाच लाज वाटली. ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून मला पुढे जायची खूण केली, आणि मी त्याला ओलांडून गेले. माझ्या तोंडातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसता आवाज.

"काय झायं?" अक्का दचकली.

"काही नाही. गेला तो मागे."

"मंग असंच आरोळी मार. बसी बसी गप का ऱ्हास?"

धुळ्याच्या तोंडाशी मुंबई-आग्रा रस्ता आडवा येतो. उजव्या हाताला सोनगीर, शिरपूर; डाव्या हाताला नाशिकची बाजू. वर्कशॉप डाव्या हाताला होतं. माझ्या मनात डावा-डावा असंच चाललेलं असताना, पुलाखाली गाड्यांची गर्दी, हॉर्न, एका टेम्पोवाल्याचं ओरडणं, आणि त्यात अक्कानं खणखणीत आवाजात सांगितलं, "जेवना हातले! जेवना हातले घे!"

जेवना हात म्हणजे उजवा. ती चाळीस वर्षं तिथे पोचली की उजवीकडेच वळत आली होती. आणि मी तिच्या आवाजाबरोबर उजवीकडे वळले.

पन्नास पावलांवरच मला कळलं. मधला दुभाजक लांबच लांब चालला होता, कुठेही फट नव्हती.

"अक्का, आपल्याला डावीकडे जायचं होतं!"

"हाय माय! मी घरना रस्ता सांगी बसनू!"

तीन किलोमीटर सरळ जावं लागलं, तेव्हा कुठे वळायला जागा मिळाली. तीन जायचे, तीन यायचे. बारातले सहा गेले. मग हळूच अक्कानं विचारलं, "कितला राहिना?"

"पोचल्यावर सहा राहतील."

"बठ्ठं मनाच मुळे," ती म्हणाली. आणि लगेच, "पन सहा भरपूर शे."

वर्कशॉपच्या फाटकातून आत गेले तेव्हा आकडा होता एकोणचाळीस हजार नऊशे चौऱ्याण्णव. अडीच वाजत होते. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मला वाटलं, झालं.

काउंटरवर कंपनीचा टी-शर्ट घातलेला, माझ्याच वयाचा एक मुलगा होता. त्यानं कागद बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी भरलं आणि किल्ली मागितली.

"टेस्ट ड्राइव्ह घेऊन येतो. आठ किलोमीटर."

"आठ?" मी म्हणाले. "मग चाळीस हजार दोन होतील."

त्यानं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो. मग होणार नाही."

"पण चालवणार तुम्ही."

"टेस्ट ड्राइव्ह केल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही, मॅडम. आणि टेस्ट ड्राइव्हनंतरचं रीडिंग टाकावं लागतं. नियम आहे."

मागच्या बाकावरून अक्का म्हणाली, "भाऊ, आम्ही आठना हिशोब धरेल नही. पोरगी असोद्याहून मोजी मोजी लई उनी गाडी."

"मावशी, माझ्या हातात काही नाही."

एरवी मी इथेच "ओके" म्हणून बाहेर पडले असते. नियम म्हटलं की मी गप्प बसते, शाळेतच ती सवय लागली. पण त्या क्षणी मला मोटरसायकलवर मागे बसलेली मी दिसले आणि जामनेरच्या बसमधल्या बायका दिसल्या. मी पुस्तिका उघडली. बारीक इंग्रजी अक्षरांची सहा पानं होती. मी काउंटरवर कोपर टेकवून ओळ न् ओळ वाचायला लागले. मुलगा दुसऱ्या ग्राहकाकडे गेला, परत आला, मी वाचतच होते.

चौथ्या पानावर सापडलं. मी बोट ठेवून पुस्तिका त्याच्यासमोर फिरवली.

"इथे लिहिलंय, किमान पाच किलोमीटर. आठ कुठेच नाही."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग आत गेला आणि एका पन्नाशीच्या माणसाला घेऊन आला. वर्कशॉपचे मॅनेजर होते ते, हातात चहाचा कप तसाच. त्यांनी पुस्तिका बघितली, स्क्रीनवरची तारीख बघितली आणि हसायला लागले.

"आखाजीची गाडी ना?"

मी मान हलवली.

"आखाजी उशिरा आली की असे बरेच येतात. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तर रांग असते, आणि सगळ्यांची संपलेली असते. तुम्ही पहिल्या आहात ज्या आखाजीच्या आधी आल्या." मग मुलाकडे वळून म्हणाले, "अरे, पाचच आहेत. आपण त्या पुलाला वळसा घालून येतो म्हणून आठ होतात. ती आपली सवय, कंपनीचा नियम नाही."

"पाचची फेरी कुठून घेऊ, सर?"

"साइड रोडनं जा. अडीचवर वळ."

"मी बरोबर येते," मी म्हणाले. तिघांनीही माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं असतं.

मुलाला काउंटर सोडता येत नव्हता, म्हणून वर्कशॉपचा मेकॅनिक चालवायला बसला, मी शेजारी. निघताना अक्का काउंटरपाशी उभी राहून ओरडत होती, "पाचच हां भाऊ! सहा कया तर मी तुले सोडनार नही!"

मी आकड्यावरून नजर हलवली नाही. गाडी फाटकाबाहेर, साइड रोडवर. मेकॅनिक ब्रेक दाबून बघायचा, स्टिअरिंग हलवायचा, कान देऊन इंजिन ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "गाडी एकदम टकाटक आहे, मॅडम." नऊशे पंच्याण्णव. नऊशे शहाण्णव. शेणाच्या गाडीमागे आम्ही दोन मिनिटं अडकलो. मग मी म्हणाले, "आता वळा." तो म्हणाला, इथे जागा नाही, जरा पुढे. "नाही, इथेच," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यानं एका धाब्याच्या आवारात गाडी घातली, तिथून वळवली. खाटेवर झोपलेला माणूस उठून बसला. मी हात हलवून माफी मागितली.

परत फाटकात शिरलो तेव्हा आकडा एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव होता. मुलगा गाडी पार्किंगला लावायला पुढे आला.

"हलवू नका!" मी जवळजवळ ओरडलेच. "फोटो काढा आधी. मग हलवा."

त्यानं फोटो काढला. मॅनेजर दारात उभे राहून हसत होते.

मग किंमत आली. मुलानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. दोन वर्षांची योजना या महिन्यापासून बंद, फक्त एक वर्षाची मिळणार होती. आणि गेल्या वर्षी पप्पांच्या दुसऱ्या एका मित्रानं दोन वर्षांसाठी जेवढे भरले होते, जवळजवळ तेवढेच पैसे आता एका वर्षाचे होते. मुलगा म्हणाला, "दर तीन महिन्यांनी वाढतंय, मॅडम. आम्हालाच कळत नाही." आणि मग, "मंजुरीचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर गेलाय. पाच मिनिटं चालतो."

मालक पप्पा. पप्पा केळीच्या बागेत.

पहिला फोन वाजत राहिला. दुसरा त्यांनी उचलला. मागे ट्रकवाल्यांचा आरडाओरडा, वजनाचा काटा, कोणीतरी घड मोजत होतं.

"पप्पा, एक ओटीपी आलाय. सांगा ना."

"ओटीपी? नाही सांगायचा. तूच सांगितलं ना, ओटीपी पोरीनं मागितला तरी द्यायचा नाही."

हे खरं होतं. मीच त्यांना बसवून शिकवलं होतं.

"पप्पा, ही मीच आहे!"

"असंच म्हणतात सगळे."

अक्कानं माझ्या हातातून फोन ओढला. "ए, मी बोलस, तुनी बहीन! का मी बी चोर शे? लहानपणी केळीना वाफ्यात पडना तवा कोनी काढेल तुले? सांग लवकर!"

मग पप्पांचा आवाज वेगळा झाला, हळू. फोन माझ्याकडे आला.

"मेसेजमध्ये रक्कम बी लिहिली हाये," ते म्हणाले. "एवढे? एका वर्षाचे? राहू दे, बाई. एवढ्यात तर... काढून टाकू गाडी. तू ये घरी."

मुलाच्या स्क्रीनवर सेकंद उलटे मोजत चालले होते. दोन मिनिटं दहा. काउंटरवर रांगेत दोन माणसं उभी होती आणि ऐकत होती. माणसं ऐकत असली की मी बोलत नाही. कधीच बोललेले नाही.

"पप्पा, मला ही गाडी पाहिजे," मी म्हणाले.

पलीकडे कोणीतरी पुन्हा घड मोजायला लागलं.

"रोज मी बसनं जात होते ना, तेव्हा मला नोकरी सोडायची होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. गाडीमुळे नाही सोडली. अर्धे पैसे माझ्या पगारातून. जास्त पण देईन. पण ही गाडी विकू नका."

दीड मिनिट. मागे ट्रकचं फाळकं बंद झाल्याचा आवाज आला.

"तू एवढ्या लांब एकटी चालवत गेली?" त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांना तोपर्यंत ते नीट उमगलंच नव्हतं.

"अक्का होती."

"अक्काले तर दिसत नाही."

"हो. म्हणून मीच चालवली."

ते थोडे हसले असावेत, किंवा वाऱ्याचा आवाज असेल. मग त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली. घडांची वजनं पुकारतात तसे, एक एक, मध्ये श्वास घेऊन, मोठ्यानं. चार. शून्य. सात. मी ते मुलाला सांगत होते, तो टाइप करत होता. शेवटचा आकडा पप्पांनी दोनदा सांगितला. स्क्रीनवर हिरवी खूण आली, तेव्हा वेळ उरला होता अकरा सेकंद.

मी मोबाइलवरून पैसे भरले आणि प्रिंटर कुरकुरला. अक्का बाकावरून उठली आणि काळ्या चष्म्यातून तो कागद डोळ्यांसमोर धरून वाचल्यासारखं करू लागली. रांगेतला एक माणूस, पांढरी टोपी घातलेला, मला म्हणाला, "बेटा, ते पाच किलोमीटरचं कोणत्या पानावर आहे? माझीही आखाजीचीच आहे." मी त्याला पान काढून दाखवलं. त्यानं समजत नाही म्हटल्यावर मराठीतून सांगितलं. सांगता सांगता मागची एक बाई जवळ आली, तिलाही सांगितलं.

फोन पुन्हा वाजला.

"झालं का?" पप्पा.

"झालं."

"मंग आता अक्काले सोड आणि सावकाश ये. सोनगीरहून निघताना फोन कर." थोडं थांबून म्हणाले, "पेट्रोल तुझ्या पैशानं टाक आता. गाडी तुझी म्हणते ना."

"टाकते!" मी म्हणाले, आणि वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्यानं. अक्कानं पिशवी काखोटीला मारली, माझ्या दंडाला धरलं आणि दाराकडे चालायला लागली.